वस्तूच्या आधी तिचे गाव शोधा: परदेशी उत्पादन-क्लस्टरमधून थेट माल आणण्याची सविस्तर पद्धत

पैठणी हवी असेल तर आपण येवल्याला जातो, यंत्रमागाचे कापड हवे असेल तर मालेगावला, आणि स्विचगियरचा एखादा सुटा भाग करून घ्यायचा असेल तर अंबड-सातपूरच्या गाळ्यांतून चौकशी करतो. नाशिकच्या कोणत्याही व्यापाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. तोच व्यापारी परदेशातून माल मागवायला निघाला की मात्र मोबाइलवर वस्तूचे नाव टाकतो आणि पहिल्या पानावर जो सर्वांत स्वस्त भाव दिसेल त्याला संदेश पाठवतो. गेली काही वर्षे मी द्राक्षबागांसाठी लागणारी हत्यारे, मुख्यतः छाटणीच्या कात्र्या, बाहेरून आणतो आहे, आणि माझ्या सुरुवातीच्या बहुतेक चुका या एकाच सवयीतून झाल्या. म्हणून हा लेख त्या कात्रीच्याच आधाराने लिहितो. आपली वस्तू वेगळी असली तरी क्रम हाच राहतो.

क्लस्टर म्हणजे काय आणि ते का शोधायचे

एकाच वस्तूचे शेकडो कारखाने एका गावात किंवा तालुक्यात एकवटलेले असतात, तेव्हा त्यांच्याभोवती कच्चा माल विकणारे, साचे बनवणारे, धार लावणारे, मुलामा देणारे, खोकी छापणारे असे सगळे जमा होतात. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी 1890 मध्येच अशा औद्योगिक वस्त्यांची मीमांसा केली होती: कुशल कामगार, पूरक धंदे आणि कामाचे ज्ञान एका जागी साचले की एकट्या कारखान्याला जे परवडत नाही ते सगळ्यांना मिळून परवडते. खरेदीदाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा की क्लस्टरमधल्या कारखान्याचा भाव कमी असण्याला खरे कारण असते, आणि क्लस्टरबाहेरच्या माणसाने तोच भाव सांगितला तर कुठेतरी काहीतरी कापलेले असते.

चीनमध्ये ही विभागणी फार स्पष्ट आहे. चाकू-कात्र्या ग्वांगदोंग प्रांतातल्या यांगजिआंगच्या, दिव्यांची झुंबरे आणि घरगुती प्रकाशसाधने झोंगशानजवळच्या गुझेनची, खेळणी शांतौच्या चंगहाय भागातली, फरशा आणि फर्निचर फोशानचे, स्टीलचे थर्मास आणि हार्डवेअर जजिआंग प्रांतातल्या योंगकांगचे, मोजे झूजीजवळच्या दातांगचे, कमी दाबाची विद्युत उपकरणे वेन्झोऊकडच्या लिउशीची, चष्म्याच्या काचा दानयांगच्या, तारेची जाळी हबेई प्रांतातल्या आनपिंगची. यीवूची गोष्ट वेगळी आहे. तिथे प्रचंड घाऊक बाजार आहे, पण त्या बाजारात दिसणाऱ्या अनेक वस्तू दुसरीकडे बनतात. चीनबाहेर पाहिले तर इटलीत सासुओलोच्या फरशा आणि प्रातोचे कापड, जर्मनीत टुटलिंगेनची शस्त्रक्रियेची उपकरणे, तुर्कस्तानात देनिझलीचे टॉवेल, तैवानमध्ये ताइचुंगची यंत्रे, जपानमध्ये सांजोची हातहत्यारे. जर्मनीतले झोलिंगेन हे पात्यांचे गाव तर असे आहे की त्या नावाला 1938 पासून कायद्याचे संरक्षण आहे. जे पाते तिथे घडले नाही त्यावर ते नाव कोरता येत नाही.

आपल्या वस्तूचे गाव शोधण्याचे तीन मार्ग मला भरवशाचे वाटतात. विक्री-संकेतस्थळावर एका वस्तूचे तीस-चाळीस पुरवठादार उघडावेत आणि फक्त त्यांचे पत्ते एका कागदावर उतरवावेत. दोन-तीन नावे पुन्हा पुन्हा येतात, तीच ती गावे. दुसरा मार्ग म्हणजे बाजारात आधीपासून असलेल्या मालाची खोकी वाचणे, कारण आयातदाराचे नाव व मूळ देश त्यावर छापणे बंधनकारक असते आणि पुष्कळदा कारखान्याचा पत्ताही असतो. तिसरा मार्ग ग्वांगझोऊच्या कॅन्टन फेअरचा. 1957 पासून भरणारे हे प्रदर्शन वर्षातून दोनदा, साधारण 15 एप्रिल आणि 15 ऑक्टोबरपासून, तीन टप्प्यांत भरते आणि हार्डवेअर व हत्यारे पहिल्या टप्प्यात असतात. आपल्याकडे ऑक्टोबरात फळछाटणी चालू असल्यामुळे माझ्यासारख्याला एप्रिलचीच खेप सोयीची पडते, मात्र तिथे ठरवलेला माल त्याच वर्षीच्या हंगामाला मिळवायचा असेल तर पुढची प्रत्येक पायरी वेळेवर पडावी लागते.

मागणी कागदावर उतरवणे

कारखान्याशी बोलण्यापूर्वी वस्तूचे वर्णन लिहून काढावे, आणि ते इतके नेमके असावे की दोन वेगवेगळ्या कारखान्यांना पाठवले तरी एकच वस्तू बनेल. या पायरीवर मी सर्वांत जास्त थांबणार आहे, कारण पुढचे बहुतेक वाद इथल्या आळसातून निघतात.

माझा पहिला ई-मेल होता: ‘चांगल्या दर्जाची आठ इंची कात्री, भाव कळवा.’ आता माझ्या कागदावर पात्याचे पोलाद एसके-5, म्हणजे सुमारे 0.8 ते 0.9% कार्बनचे, त्याची कठीणता रॉकवेल मापाने किती ते किती, पात्याची जाडी, मधल्या बोल्टचा प्रकार, स्प्रिंगच्या तारेचा व्यास, मुठीच्या आवरणाचा पदार्थ, कुलुपाची पट्टी कोणत्या बाजूला, आणि एका कात्रीने न अडकता किती काड्या कापल्या गेल्या पाहिजेत, इतके सगळे असते. यातले काहीही मला आधी माहीत नव्हते. ते मला दिंडोरीजवळच्या एका बागेत कळले. तीन कारखान्यांचे नमुने घेऊन मी छाटणीच्या दिवशी तिथे गेलो होतो. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या मजुरांची टोळी कामाला होती. त्यातल्या एका बाईंनी माझी सर्वांत महाग कात्री हातात घेतली, दोनदा उघडझाप केली आणि परत देत म्हणाल्या, “दादा, ही उघडली की मुठीत मावत नाही. अंगठा दुखेल दुपारपर्यंत.” मी मुठींमधले अंतर व्हर्निअरने मोजले. पूर्ण उघडल्यावर ते इतर दोन कात्र्यांपेक्षा जवळपास दीड सेंटिमीटर जास्त होते. मोठ्या पंजाच्या माणसासाठी बनवलेली ती कात्री होती. दिवसाला हजारो वेळा मूठ आवळणाऱ्या हातांसाठी मुठीतले अंतर पोलादाइतकेच महत्त्वाचे आहे, आणि हे कोणत्याही कॅटलॉगमध्ये लिहिलेले नसते.

तेव्हा वर्णन लिहिण्याआधी वस्तू वापरणाऱ्याच्या हातात द्यावी. आपण नाशिकमध्ये आहोत याचा आणखी एक फायदा असा की नमुन्याचे पाते इथल्याच धातू-चाचणी प्रयोगशाळेत देऊन कठीणता आणि पोलादाची घटकतपासणी करून घेता येते. चाचणीला येणारा खर्च एका खराब खेपेच्या तुलनेत नगण्य असतो.

कारखाना की दलाल, हे ओळखणे

क्लस्टर कळले की तिथले दहा-बारा पुरवठादार निवडावेत आणि त्यांच्याकडे व्यवसाय-परवान्याची प्रत मागावी. चीनमधल्या प्रत्येक नोंदणीकृत कंपनीला 18 अक्षर-अंकांचा एक सामाजिक पत-संकेतांक असतो आणि तो तिथल्या सरकारी नोंदणी-संकेतस्थळावर तपासता येतो. त्यात कंपनीचे चिनी नाव, स्थापनेचे वर्ष, पत्ता आणि व्यवसायाची व्याप्ती दिसते; व्याप्तीत उत्पादनाचा उल्लेख आहे की केवळ विक्रीचा, हे भाषांतर करून पाहावे. इंग्रजी नावाला फारसा अर्थ नसतो, कारण ते कंपनी स्वतःच ठेवते. करारावर, बिलावर आणि बँक खात्यावर चिनी नोंदणीतल्याच कंपनीचे नाव असले पाहिजे.

कागदापेक्षा एक साधा प्रश्न मला जास्त उपयोगी पडला आहे: तुम्ही हीट ट्रीटमेंट, म्हणजे पाते तापवून कठीण करण्याचे काम, कुठे करून घेता? क्लस्टरमधला खरा उत्पादक लगेच सांगतो की आमची स्वतःची भट्टी आहे, किंवा शेजारच्या अमुक गल्लीतल्या कारखान्याकडे जाते आणि तीन दिवसांत परत येते. दलालाला हा प्रश्न पुढे कोणाला तरी विचारावा लागतो आणि उत्तर दुसऱ्या दिवशी, तेही मोघम, येते. आपल्या वस्तूतला असाच एक मधला टप्पा शोधून ठेवावा: कापडाला रंगाई, खेळण्याला साचा, भांड्याला पॉलिश. त्यानंतर पूर्वसूचना न देता व्हिडिओ कॉल करून कच्च्या मालाच्या जागेपासून पॅकिंगपर्यंत चालत दाखवायला सांगावे.

दलाल वाईट असतो असे मला मुळीच म्हणायचे नाही. वीस प्रकारच्या वस्तू थोड्या थोड्या हव्या असतील तर यीवूतला एखादा नीट एजंट माल गोळा करून, तपासून, एका कंटेनरमध्ये भरून देतो आणि ते काम कारखाना करणार नाही. फक्त त्याचे कमिशन आपण देतो आहोत की तो ते कारखान्याकडून भावात चढवून घेतो आहे, हे आधी लेखी ठरलेले असावे.

नमुना, भाव आणि करार

नमुने किमान तीन कारखान्यांचे घ्यावेत आणि पसंत पडलेल्या नमुन्याचे तीन नग करून त्यांवर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात: एक कारखान्याकडे, एक तपासनिसाकडे, एक आपल्या कपाटात. भावाची घासाघीस करताना एक गोष्ट विसरू नये, की चिनी कारखानदार सहसा ‘नाही’ म्हणत नाही. तो तुम्ही मागितलेल्या भावात बसेल असा माल बनवतो. म्हणून भाव उतरला की लगेच विचारावे, नेमके काय बदलले? मी एकदा भाव जवळपास दहा टक्क्यांनी उतरवून घेतला होता आणि स्वतःवर खूश होतो. माल आला तेव्हा पाते तेच होते, पण स्प्रिंगची तार बारीक झाली होती, आणि आठवड्याभरात दुकानदारांकडून कात्र्या परत येऊ लागल्या.

भाव कोणत्या अटीवर आहे हे इन्कोटर्म्स 2020 च्या, म्हणजे खर्च-जोखमीच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणित अटींच्या, भाषेत बंदराच्या नावासह लिहून घ्यावे. नवीन माणसाने एफओबी घ्यावा, म्हणजे परदेशी बंदरात जहाजावर माल चढेपर्यंतचा खर्च व जोखीम विक्रेत्याची आणि पुढचे भाडे आपल्या फॉरवर्डरकडून (मालवाहतूक ठरवून देणाऱ्याकडून). सीआयएफचा, म्हणजे भाडे व विमा धरून आपल्या बंदरापर्यंतचा, भाव दिसायला सोपा असतो, पण जहाज-कंपनीचा इथला प्रतिनिधी विक्रेत्याने निवडलेला असल्यामुळे न्हावाशेव्याला उतरल्यावर स्थानिक आकार मनमानी लागू शकतात. विमा आपण स्वतः, मालाच्या सीआयएफ किमतीच्या 110 टक्क्यांचा, सर्व-जोखीम कलमाचा घ्यावा.

साचा आपल्या पैशाने बनत असेल तर मालकी आपली हे करारात लिहावे. आपला ब्रँड छापून घेणार असाल तर चीनमध्ये ट्रेडमार्क पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याचा होतो हे लक्षात ठेवून तिथे आधी नोंदणी करावी.

पैसे पाठवणे

रूढ पद्धत 30% आगाऊ आणि 70% माल तयार झाल्यावर किंवा बिल ऑफ लेडिंगची (जहाज-कंपनीने दिलेल्या मालाच्या पावतीची) प्रत मिळाल्यावर अशी आहे. पहिल्या व्यवहारात 70% तपासणीचा अहवाल हातात आल्यावरच द्यायचे, हे करारातच घालावे. मोठ्या रकमेला लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेली कागदपत्रे मिळाली की पैसे देण्याची बँकेची हमी, असावे. वैयक्तिक खात्यावर किंवा तिसऱ्याच कंपनीच्या नावावर पैसे कधीही पाठवू नयेत.

ऐन पैसे पाठवण्याच्या दिवशी ‘आमचे लेखापरीक्षण चालू आहे, या नव्या खात्यावर पाठवा’ असा बनावट ई-मेल येतो. पत्ता हुबेहूब पुरवठादाराचाच दिसतो, फक्त एक अक्षर वेगळे असते. खाते बदलल्याची कोणतीही सूचना आली की आधीपासून ओळखीच्या क्रमांकावर व्हिडिओ कॉल करून, समोरच्याचा चेहरा पाहून खात्री करावी. बँकेतून गेलेला पैसा परत आणणे जवळजवळ अशक्य असते.

भारतातली तयारी, ऑर्डर देण्याआधी

आयात-निर्यात संकेतांक डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर 500 रुपये शुल्कात मिळतो आणि दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्याची माहिती अद्ययावत करावी लागते, अन्यथा तो निष्क्रिय होतो. खरे काम पुढे आहे. आपल्या वस्तूचा आठ अंकी एचएसएन संकेतांक, म्हणजे ज्यावरून कर ठरतो तो वर्गीकरण-क्रमांक, सीएचएकडून (सीमाशुल्काचे काम करणाऱ्या एजंटाकडून) लेखी पक्का करून घ्यावा. साधी छाटणीची कात्री 8201 50 मध्ये येते, पण तीच बॅटरीवर चालणारी झाली की 8467 मध्ये जाते आणि कराचे सगळे गणित बदलते.

बॅटरीबरोबर दुसरेही ओझे येते. लिथियम सेल व बॅटरी भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणी योजनेत आहेत, त्यासाठी आयएस 16046 ची नोंदणी कारखान्याकडे असावी लागते. शिवाय जहाजावर तो धोकादायक माल ठरतो आणि यूएन 38.3 या बॅटरी-वाहतूक सुरक्षेच्या चाचणीचा अहवाल मागितला जातो. खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. अशा गुणवत्ता नियंत्रण आदेशांची यादी वारंवार बदलते, त्यामुळे आगाऊ रक्कम पाठवण्याच्या दिवशी ब्युरोचे संकेतस्थळ पुन्हा एकदा पाहावे. परवाना नसलेला माल बंदरावर अडकला तर परत पाठवणे किंवा नष्ट करणे एवढेच पर्याय उरतात, आणि दोन्हींचा खर्च आपलाच.

किरकोळ विक्रीच्या खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश, नग, उत्पादनाचा महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क हवा. हा मजकूर कारखान्यातच छापून घ्यावा.

आता पडतळ, म्हणजे माल दारात येईपर्यंतचा एकूण खर्च. उदाहरणापुरते सीमाशुल्क 10% आणि आयजीएसटी (आयातीवर लागणारा एकात्मिक जीएसटी) 18% धरू. भाडे व विमा धरून मालाची किंमत 10,00,000 रुपये असेल तर सीमाशुल्क 1,00,000, त्यावर 10% समाजकल्याण अधिभार 10,000, आणि या तिन्हींच्या बेरजेवर, म्हणजे 11,10,000 वर, आयजीएसटी 1,99,800 रुपये. आयजीएसटीची वजावट पुढच्या विक्रीवरच्या करातून मिळते, पण तो पैसा दोन-तीन महिने अडकतो आणि खेळते भांडवल ठरवताना तो धरावाच लागतो. याशिवाय सीएचए, बंदराचे आकार, न्हावाशेवा ते नाशिक ट्रक, आणि रुपया घसरला तर त्याचा फरक. या सगळ्यानंतरही स्थानिक घाऊक भावापेक्षा किमान वीस-पंचवीस टक्के स्वस्त पडत नसेल तर मी ती वस्तू सोडून देतो.

तपासणी आणि पॅकिंग

माल पूर्ण तयार आणि किमान ऐंशी टक्के खोक्यांत भरलेला असताना त्रयस्थ तपासणी करून घ्यावी. जगभर आयएसओ 2859-1 ची नमुना-पद्धत वापरतात. 3,000 नगांच्या खेपेत सर्वसाधारण पातळी दोननुसार 125 नग काढले जातात. मोठ्या दोषांची मान्य-पातळी (एक्यूएल) 2.5 धरली तर सात दोषींपर्यंत खेप मान्य, आठ निघाले की नामंजूर. किरकोळ दोषांना 4.0 धरल्यास दहापर्यंत मान्य. कोणता दोष मोठा आणि कोणता किरकोळ, ही यादी मात्र आपण द्यायची. तपासनिसाला कात्री कापता येते का हे पाहायला सांगितले नाही तर तो फक्त खोकी मोजून आणि रंग पाहून येईल.

पॅकिंगकडे मी एकदा दुर्लक्ष केले आणि ऑगस्टमध्ये आलेल्या खेपेत पात्यांवर गंजाचे तांबूस ठिपके निघाले. माल दमट बंदरावरून निघाला होता, पावसाळ्यात न्हावाशेव्याला उतरला होता, आणि कार्बन पोलादाची पाती नुसत्या छापील पुठ्ठ्यात होती. आम्ही घरातल्या सगळ्यांनी गोदामात बसून तीन दिवस पाती पुसली आणि तेल लावले. आता गंजरोधक तेल, प्रत्येक नगाला गंजरोधक कागद, पिशवी आणि कंटेनरमध्ये ओलावा शोषणाऱ्या पिशव्या, हे सगळे माझ्या करारात लिहिलेले असते. लाकडी पॅलेट असतील तर त्यांवर आयएसपीएम 15 चा, म्हणजे लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याचा, शिक्का हवा.

जहाज, बंदर आणि नाशिक

वीस फुटी कंटेनरमध्ये सुमारे 33 घनमीटर जागा असते, चाळीस फुटी उंच कंटेनरमध्ये सुमारे 76. त्याहून पुष्कळ कमी माल असेल तर इतरांबरोबर भागीत, घनमीटरच्या दराने जावे लागते. कात्रीसारखा जड माल मात्र जागेआधी वजनाची मर्यादा गाठतो. बिल ऑफ लेडिंग, बिल आणि पॅकिंग लिस्ट यांतले नग, वजने व वर्णन अक्षरशः जुळले पाहिजे. बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे सीमाशुल्क खात्याला द्यायचे आयातीचे घोषणापत्र, जहाज पोहोचण्याच्या आदल्या दिवसापर्यंत दाखल व्हावे लागते. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज 5,000 आणि पुढे रोज 10,000 रुपये आकार लागतो. कंटेनरचे मोफत दिवस संपल्यावर बंदरात पडून राहिल्याचे डिमरेज आणि रिकामा परत करायला उशीर झाल्याचे डिटेन्शन त्याहून वेगळे. माल सुटला की बिल ऑफ एन्ट्रीची नोंद बँकेत पाठवलेल्या पैशाशी जुळली आहे ना, हेही विचारून घ्यावे.

वेळापत्रक उलटे मांडणे

माझा माल सप्टेंबरच्या मध्यापर्यंत निफाड-पिंपळगावच्या दुकानांत हवा असतो, बागलाणातल्या अर्ली छाटणीसाठी तर त्याच्याही दोन-अडीच महिने आधी. सप्टेंबरपासून मागे मोजले तर बंदर व वाहतुकीचा एक आठवडा, दक्षिण चीनहून समुद्राचे साधारण तीन आठवडे, जहाजात जागा मिळण्याचा आठवडा, उत्पादनाचे चाळीस-पंचेचाळीस दिवस. म्हणजे जूनच्या शेवटच्या आठवड्यापूर्वी आगाऊ रक्कम गेलेली असावी, आणि नमुन्यांच्या दोन फेऱ्या धरता मार्चमध्ये काम सुरू झालेले असावे. मार्चच्या आधी चिनी नववर्ष असते. जानेवारी-फेब्रुवारीत कारखाने दोन ते चार आठवडे बंद राहतात आणि परतल्यावर बरेच कामगार नवे असतात, म्हणून त्या काळातली पहिली खेप मी घेत नाही.

मुठीतल्या अंतराची ती अडचण पुढच्या वर्षी सुटली. आमच्या कारखानदाराने नवा साचा बनवायचा मोठा खर्च सांगितला होता, पण चार दिवसांनी त्याचाच निरोप आला की शेजारच्या एका कारखान्याकडे लहान मुठीचा साचा पडून आहे, फक्त स्प्रिंगची बैठक बदलावी लागेल. नमुना पंधरवड्यात आला. मी तो घेऊन दिंडोरीच्या त्याच बागेत गेलो आणि त्याच टोळीला दिवसभर वापरायला दिला.